ससून : एका इब्री आडनांवाचा अभ्यास

आडनांव हा शब्द लहानसा असतो, पण आमच्या खेड्यापाड्यांत त्याचें ओझें फार मोठें असतें. परगांवचा पाहुणा चावडीपाशीं येऊन बसला कीं प्रथम त्याचें आडनांव विचारावयाचें, आणि तें कानीं पडतांच त्याला ओसरीवर घ्यावें कीं अंगणांतच बसवावें हें मनांत ठरवून टाकावयाचें, अशी पूर्वीं रीत असे. आणि ही खोड अजूनहि पुरती गेलेली नाहीं. माणूस कोण, त्यानें काय केलें, ह्याची चौकशी मागाहून. म्हणून ह्या पाठांत आम्ही एक परकें आडनांव अभ्यासास घेतों. परकें असल्यामुळें त्याविषयीं आपलीं मनें आधींच तापलेलीं नाहींत, आणि म्हणून तें आपल्याला शांतपणें तपासतां येईल.

हें आडनांव म्हणजे ससून. तें अगदींच अनोळखी आहे असें मात्र नाहीं. "म्हाताऱ्याला ससूनला नेलें," असें कोणी म्हटलें, तर पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत नेलें, हें पुणें प्रांतांतील लहान मुलाला देखील कळतें. परंतु ससून हें मुळांत रुग्णालयाचें नव्हे तर एका घराण्याचें नांव आहे, आणि तो शब्द जुन्या कराराच्या मूळ भाषेंतील आहे, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

१. शब्दाचा अर्थ

इब्री भाषेंत "सासोन" असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ आनंद, हर्ष. पवित्र शास्त्रांत तो बऱ्याच ठिकाणीं येतो. एस्तेरच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांत, यहूदी लोकांवर आलेलें संहाराचें संकट टळलें, त्या वेळच्या वर्णनांत तो आहे. यशयाच्या बाराव्या अध्यायांत झऱ्यांतून पाणी काढणाऱ्यांचा दृष्टांत आहे, तेथें तोच शब्द आहे. यिर्मयाच्या तेहतिसाव्या अध्यायांत उजाड पडलेल्या नगरांत पुन्हा नवरानवरीचा आवाज ऐकूं येईल असें सांगितलें आहे, तेथेंहि तोच. उपदेशक बंधूंनीं हीं तिन्ही स्थळें काढून पाहावीं. तिन्ही ठिकाणीं एक गोष्ट सारखीच दिसेल : हा आनंद सुखांत लोळणाऱ्यांचा नव्हे, तर दुःखांतून बाहेर आलेल्यांचा आहे.

आतां हा शब्द आडनांव कसा झाला तें पाहूं. पूर्वीं यहूदी लोकांत आपल्यासारखीं आडनांवें बहुधा नसत. अमक्याचा पुत्र अमका, एवढ्यानें ओळख पटे. बगदाद शहरांत शेख ससून बेन सालेह (१७५०–१८३०) नांवाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ होते. "बेन" म्हणजे पुत्र. अर्थात् ते सालेहचे पुत्र ससून. ते तेथील पाशांचे खजिनदार होते व यहूदी समाजाचे प्रमुखहि होते. त्यांचे पुत्र डेव्हिड, म्हणजे दावीद. त्यांचें पूर्ण नांव ससूनपुत्र दावीद असें. आपणांमध्यें बापाचें नांव मधोमध लिहितात. तें मधलें नांव सरकत सरकत शेवटीं गेलें आणि नातवांपणतवांनींहि तेंच चालविलें, अशी कल्पना करा, म्हणजे ससून घराण्याचें आडनांव कसें बनलें तें ध्यानांत येईल.

२. बगदादहून मुंबईस

डेव्हिड ससून १७९२ सालीं बगदादेस जन्मले. ते वयांत आल्यावर तेथील दाऊद पाशानें यहूदी समाजांतील धनिकांचा छळ आरंभिला. डेव्हिड यांस जीव घेऊन पळावें लागलें. ते प्रथम इराणांतील बुशायर बंदरास गेले, आणि १८३२ च्या सुमारास कुटुंबासह मुंबईस येऊन राहिले. घरदार व मानमरातब मागें टाकून आलेला हा मनुष्य परक्या गांवीं नव्यानें व्यापार मांडून बसला. त्याच सुमारास, म्हणजे १८३३ च्या कायद्यानें, चीनशीं व्यापार करण्याचा ईस्ट इंडिया कंपनीचा एकाधिकार संपला, आणि इतर व्यापाऱ्यांस ती वाट मोकळी झाली.

डेव्हिड यांस आठ मुलगे होते. त्यांनीं त्यांस व्यापारांत तयार करून दूरदूरच्या बंदरांस पाठविलें. दुसरे चिरंजीव एलियास १८४४ सालीं चीनला गेले. पुढें शांघाय, हाँगकाँग व लंडन येथें ह्या घराण्याच्या पेढ्या चालूं लागल्या. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–६५) तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, तेव्हां हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचें मोल आलें, आणि मुंबईच्या इतर व्यापाऱ्यांप्रमाणें ससूनांनाहि मोठा नफा झाला.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईंत व कोंकणांत त्याआधींच बेने इस्राएल नांवाचे यहूदी शतकानुशतकें राहत होते. ते मराठी बोलत, तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. देव एक, शास्त्र एक. तथापि बगदादहून आलेले पुष्कळ यहूदी ह्या मराठी यहूद्यांस बरोबरीचे मानीत नसत. परमुलुखांतून छळ सोसून आलेल्यांनींहि आपल्याच धर्मबंधूंस दूर बसवावें, ही मनुष्यस्वभावाची दुर्बलता आहे. ती केवळ त्यांच्यांतच आहे असें मानूं नये.

३. नांवाच्या संस्था

डेव्हिड ससून ७ नोव्हेंबर १८६४ रोजीं पुणें येथें मरण पावले. पुण्यांतील ओहेल डेव्हिड सभास्थानाच्या आवारांत त्यांची कबर आहे. "ओहेल" म्हणजे तंबू, मंडप. ही लाल विटांची इमारत १८६७ सालीं पुरी झाली. पुणेंकर तिला लाल देऊळ म्हणतात.

पुण्याचें ससून रुग्णालयहि १८६७ सालचेंच. डेव्हिड यांच्या देणगीनें तें उभें राहिलें, पण उघडलेलें पाहावयास दाते हयात नव्हते. १९२४ च्या जानेवारीच्या १२ तारखेस येरवड्याचे बंदिवान महात्मा गांधी यांच्यावर कर्नल मॅडॉक यांनीं आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली ती ह्याच रुग्णालयांत. त्या रात्रीं विजेचा दिवा मध्येंच गेला, आणि कंदिलाच्या उजेडांत काम पुरें करावें लागलें. पुण्यांत निराधार वृद्धांसाठीं "निवारा" म्हणून गृह आहे, त्याच्याहि मुळाशीं हेंच नांव आहे.

मुंबईंत पाहूं गेल्यास, टांकसाळीच्या व गोदीच्या यंत्रकारागिरांनीं १८४७ च्या सुमारास स्थापिलेल्या मंडळीला ससूनांनीं द्रव्य दिलें, आणि १८७० सालीं काळा घोडा भागांत डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत पुरी झाली. खुद्द "काळा घोडा" हें नांवहि ह्याच घराण्याच्या देणगीवरून पडलें. ज्येष्ठ पुत्र आल्बर्ट (मूळ नांव अब्दुल्ला) यांनीं इंग्लंडच्या युवराजाचा अश्वारूढ पुतळा शहरास दिला. तो १८७९ सालीं तेथें उभारला. १९६५ सालीं तो तेथून हालवून भायखळ्याच्या राणीच्या बागेंत नेला. राजा गेला, घोडाहि गेला, तरी लोकांच्या तोंडीं काळा घोडा राहिलाच. शेवटीं २०१७ सालीं तेथें स्वाराविना एक नवा घोडा उभा केला.

कुलाब्याचा ससून डॉक १८७५ सालचा. भरती-ओहोटीचा विचार न करितां जहाजांतील माल उतरतां यावा अशी ही पश्चिम हिंदुस्थानांतील पहिली बंदिस्त गोदी होय. जेथें पूर्वीं कापसाचे गठ्ठे उतरत, तेथें आतां पहाटे मासळीचा मोठा बाजार भरतो. टोपल्या घेऊन बसणाऱ्या कोळणींच्या तोंडीं "ससून" हा शब्द दिवसांतून शेंकडों वेळां येतो, आणि त्याचा अर्थ आनंद असा आहे हें त्यांच्या गांवींहि नसतें.

एलियास यांचे पुत्र जेकब यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या कोटांत वडिलांच्या नांवें केनेसेथ एलियाहू सभास्थान बांधिलें. हाँगकाँगचें ओहेल लेआ (१९०२) हें त्यांनीं व त्यांच्या बंधूंनीं आईच्या स्मरणार्थ, आणि शांघायचें ओहेल राहेल (१९२०) हें जेकब यांनीं पत्नीच्या स्मरणार्थ बांधविलें.

४. हें धन आलें कोठून ?

इतकें वाचून कोणीहि म्हणेल कीं, ह्या घराण्यानें आपलें आनंदाचें नांव सार्थ केलें. परंतु अभ्यास करणाऱ्यानें वहीचें एकच पान वाचून उठूं नये, दुसरेंहि उलटावें.

ससूनांच्या व्यापारांत कापूस होता, कापड होतें, आणि अफू होती. माळव्यांतील संस्थानांत पिकलेली अफू मुंबई बंदरांतून चीनला जात असे. चीनच्या बादशहानें तिला बंदी केली होती; तरी ती चोरून आंत जाई. बंदी कडक केली तेव्हां इंग्रज सरकारनें युद्ध केलें (१८३९–४२), हाँगकाँग घेतलें, आणि दुसऱ्या युद्धाच्या काळांत (१८५६–६०) चीनकडून हा व्यापार कायदेशीर करून घेतला. त्यापुढील वर्षांत ह्या व्यापारांतील अग्रगण्य पेढ्यांत ससूनांची पेढी होती.

ते एकटेच होते असें मात्र कोणी समजूं नये. त्या व्यापारांत इंग्रज होते, पारशी होते, हिंदु व मुसलमान व्यापारीहि होते. आणि सरकार स्वतः त्यावर जकात घेऊन तिजोरी भरीत होतें. मुंबईच्या ज्या दुसऱ्या थोर रुग्णालयास जमशेटजी जिजीभाई यांचें नांव आहे, त्यांच्याहि संपत्तींत चीनच्या अफूच्या व्यापाराचा वांटा होता. तेव्हां "यहूदी असेच" असें म्हणून जो मोकळा होतो, त्यानें इतिहास वाचला नाहीं. त्यानें फक्त आडनांव वाचलें. कायदा त्या व्यापाराच्या बाजूचा होता हें खरें. पण जें कायद्यानें चालतें तें सारें धर्मानें चालतें असें नाहीं. अखेर १९०७ सालीं हिंदुस्थानची अफू दहा वर्षांत बंद करण्याविषयीं ब्रिटिश व चिनी सरकारांचा करार झाला.

अफूनें घर कसें बसतें हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. प्रथम बैल विकला जातो, मग जमीन गहाण पडते, मग भांडीं मोडीस निघतात. आणि चूल थंड असली तरी पेटणारी वस्तु एकच, ती म्हणजे चिलीम. कँटनच्या व शांघायच्या घरांतहि असेंच झालें असेल. ज्या पैशानें पुण्यांत एका आईचें मूल वांचलें, त्या पैशांतला कांहीं भाग चीनमधल्या दुसऱ्या आईच्या चुलींतून आला होता. ही गोष्ट कडू आहे, पण ती गाळून ससूनांचा इतिहास सांगणें म्हणजे खोटें माप वापरणें होय.

मग आम्हीं काय म्हणावें ? आम्हांस असें वाटतें कीं, दानाच्या पाटीनें धनाची वाट झांकली जात नाहीं. आणि धनाची वाट वाईट होती म्हणून रोग्याचें औषध विष होत नाहीं. रोग्यानें रुग्णालयांत निःशंक जावें. पण दात्याचा हिशोब दात्याकडेच राहतो.

५. घराण्यांतील दोन स्त्रिया

फ्लोरा ससून (१८५९–१९३६) ह्या मुंबईंत जन्मल्या. त्यांचे पति सॉलोमन हे डेव्हिड यांचे पुत्र. १८९४ सालीं ते वारल्यावर मुंबईच्या पेढीचा कारभार ह्या विधवा बाईनें स्वतः हातीं घेतला व चालविला. इब्री भाषेचें व शास्त्राचें त्यांचें ज्ञान मोठमोठ्या पंडितांस मान्य होतें. हाफकिन नांवाच्या यहूदी शास्त्रज्ञांनीं रोगप्रतिबंधक लस आणिली, तेव्हां लोक भिऊन पळत असत. त्या काळीं फ्लोराबाईंनीं त्यांच्या कामास हात दिला. ज्या काळीं आमच्याकडे विधवेला माजघराबाहेर पाऊल टाकणें कठीण होतें, त्या काळची ही गोष्ट आहे.

दुसऱ्या राहेल, लग्नानंतरचें नांव रेचल बिअर (१८५८–१९२७). ह्यांचाहि जन्म मुंबईचा. डेव्हिड यांच्या ह्या नात. लहानपणींच त्या विलायतेस गेल्या. १८८७ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारून विवाह केला, तेव्हां घराण्यानें त्यांच्याशीं संबंध तोडला. हें दुःख काय असतें तें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. पुढें त्या लंडनच्या "ऑब्झर्व्हर" व "संडे टाइम्स" ह्या दोन्ही पत्रांच्या संपादिका झाल्या. इंग्लंडांत देशभर खपणाऱ्या पत्राची संपादिका होणारी ही पहिली स्त्री. फ्रान्समध्यें ड्रेफ्यूस नांवाच्या यहूदी अंमलदारास राजद्रोहाच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती. ज्या कागदावरून ती झाली तो आपणच लिहिला अशी एस्तरहाझी याची कबुली १८९८ सालीं राहेलबाईंच्या पत्रानें छापली. १९०६ सालीं ड्रेफ्यूस निर्दोष ठरला. ज्या समाजानें त्यांना दूर केलें, त्याच समाजांतील एका निरपराध्यासाठीं त्यांच्या पत्राची शाई खर्चीं पडली.

६. नांव एक, वाटा अनेक

राहेलबाईंचे बंधु आल्फ्रेड यांनीं धर्माबाहेर लग्न केलें म्हणून त्यांनाहि घराण्यानें वारशांतून वगळिलें. त्यांचे पुत्र सिगफ्रीड ससून (१८८६–१९६७) हे इंग्रजीचे प्रख्यात कवि. पहिल्या महायुद्धांत शौर्याबद्दल त्यांस पदक मिळालें. परंतु १९१७ सालीं त्यांनीं हें युद्ध जाणूनबुजून लांबविलें जात आहे असें जाहीर पत्र लिहिलें, व तें पार्लमेंटांत वाचलें गेलें. सैन्यानें त्यांस अपराधी न ठरवितां मनोरुग्णांच्या इस्पितळांत पाठविलें. त्याच काळीं आल्बर्ट यांचे नातू फिलिप ससून (१८८८–१९३९) हे पार्लमेंटचे सभासद असून ब्रिटिश सरसेनापतीचे खाजगी चिटणीस होते. आडनांव एकच, एक युद्ध चालविणाऱ्यांच्या दाराशीं, दुसरा त्या युद्धाला नाहीं म्हणणारा.

व्हिक्टर ससून (१८८१–१९६१) हे एलियास यांच्या शाखेंतले. हिंदुस्थानच्या कायदे कौन्सिलांत ते बसले, आणि शांघायला १९२९ सालीं त्यांनीं उभारलेली टोलेजंग इमारत अजून नदीकांठीं उभी आहे. बगदादेस ससून हेस्केल (१८६०–१९३२) हे इराकचे पहिले अर्थमंत्री झाले. तेलाच्या कंपनीनें आपल्या देशाला द्यावयाचें स्वामित्वधन सोन्याच्या भावानें द्यावें असा त्यांनीं आग्रह धरिला. आणि विडाल ससून (१९२८–२०१२) हे तर लंडनचे केशकर्तनकार. बाप सोडून गेल्यामुळें कांहीं वर्षें ते अनाथाश्रमांत वाढले. त्यांच्या बापाचें घराणें सलोनिका शहराचें. मुंबईच्या श्रीमंत ससूनांशीं त्यांचा संबंध नव्हता. केस कापण्याच्या कलेंत त्यांनीं जगभर नांव मिळविलें, आणि यहूदीद्वेषाच्या अभ्यासासाठीं यरुशलेमच्या इब्री विद्यापीठांत १९८२ सालीं त्यांच्या नांवाचें केंद्र निघालें.

आतां वाचकांनींच सांगावें : "ससून म्हणजे कसा मनुष्य ?" ह्या प्रश्नाचें उत्तर काय ? सावकार, कवि, मंत्री, संपादिका, न्हावी, ह्यांतील कोणता ससून खरा ? उत्तर एकच, कीं प्रश्नच चुकीचा आहे.

७. नांव लागलेलें एक पुस्तक

शेवटीं एका ग्रंथाविषयीं. फ्लोराबाईंचे पुत्र डेव्हिड सॉलोमन ससून (१८८०–१९४२) यांस जुन्या इब्री हस्तलिखितांचा नाद होता. १९२९ सालीं त्यांनीं साडेतीनशें पौंडांस इब्री शास्त्राची एक चर्मपत्रावरील पोथी विकत घेतली. ती नवव्या शतकाच्या अखेरची किंवा दहाव्याच्या आरंभींची असावी असें विद्वान मानतात; थोडींच पानें गहाळ आहेत, बाकी सर्व शास्त्र तींत आहे. इतकी जुनी व इतकी संपूर्ण इब्री पोथी क्वचितच सांपडते. १७ मे २०२३ रोजीं न्यूयॉर्क येथें ती सुमारें ३ कोटी ८१ लाख डॉलरांस विकली गेली, व तेल अवीवच्या यहूदी लोकांच्या संग्रहालयास दान झाली. तिला "ससून पोथी" म्हणतात. पण हजार वर्षांपूर्वीं ज्या लेखकानें एकेक अक्षर मोजून ती लिहिली, त्याचें नांव तिला नाहीं. नांवें बहुधा विकत घेणाऱ्यांचीं राहतात. श्रम करणाऱ्यांचीं क्वचित्.

८. पाठाचें सार

आडनांव हा कुळाचा वारसा आहे. वागणूक हा नव्हे. आज्याचें रुग्णालय नातवाच्या पुण्यांत जमा होत नाहीं, आणि आज्याची अफू नातवाच्या पापांत मांडतां येत नाहीं. आनंद असा अर्थ असलेलें नांव एका घराण्यानें मिरविलें. त्यानें पुष्कळांस आनंद दिला आणि पुष्कळांचा हिरावलाहि. जें आम्ही ह्या परक्या नांवाविषयीं शांतपणें कबूल करितों, तेंच गांवच्या वेशीवर, पाणवठ्यावर आणि सोयरीक ठरवितांना ओळखीच्या आडनांवांविषयीं कबूल करावें, एवढ्यासाठीं हा पाठ आहे.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न : (१) "सासोन" शब्द शास्त्रांत कोणत्या तीन स्थळीं पाहिला, आणि त्या आनंदाच्या आधीं काय घडलें होतें ? (२) ससून रुग्णालय व अफूचा व्यापार ह्या दोहोंविषयीं एकाच वेळीं खरें कसें बोलावें ? (३) गांवांतील दारूच्या दुकानदारानें मंदिराच्या घंटेसाठीं पैसे देऊं केले, तर पंचांनीं काय करावें ? दोन्ही बाजूंचीं कारणें सांगा. (४) गेल्या महिन्यांत आपण कोणाविषयीं केवळ आडनांव ऐकून मत बनविलें काय ? ह्या शेवटल्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत मोठ्यानें देण्याची गरज नाहीं. पण घरीं जातांना वाटेनें तें प्रत्येकानें स्वतःला द्यावें.